नाल्याचं नाव सांगणार नाही

गेल्या शनिवारी रात्री पावणेदहाला आपल्या गावच्या ग्रुपवर एक फोटो पडला. शृंगी घुबड. डोक्यावर शिंगांसारखी उभी पिसं, केशरी डोळे, थेट कॅमेऱ्याकडे बघणारं. फोटो खरंच सुंदर होता. खाली ओळ होती, "आपल्या तालुक्याचं वैभव, एकदा नक्की भेट द्या." आणि त्याखाली गूगल मॅपची लिंक. उघडून बघितली तर टाचणी बरोबर नाल्याच्या वळणावर. दहा फुटांचासुद्धा फरक नाही.

मी त्या मुलाला लगेच फोन केला. पोरगा चांगला आहे. बीएस्सीला आहे, पहाटे उठून पक्षी बघत हिंडतो. म्हटलं, "फोटो राहू दे बेटा, पण लिंक काढून टाक." त्यानं दोन मिनिटांत काढली. तोवर ती किती जणांनी पुढे ढकलली असेल, देव जाणे. पण काढण्याआधी तो एक वाक्य बोलला, ते गेले आठ दिवस डोक्यातून जात नाही.

"सर, तुम्हीच तर पेपरात पत्ता छापला होता ना. शाळेत असताना ते कात्रण मी वहीत चिकटवलं होतं."

खरं आहे. छापला होता. फेब्रुवारी २०१७ ची गोष्ट. त्या बातमीबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण दिवाळी तोंडावर आली आहे आणि ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताहही जवळ आलाय. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ चा आणि सालिम अलींचा १२ चा, म्हणून राज्य सरकारनं २०२० पासून हा आठवडा ठरवून दिला. शाळा-कॉलेजची मुलं नोंदी करणार, फोटो टाकणार. टाकूच नयेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण आधी माझी गोष्ट ऐका.

नदीपलीकडच्या एका गावात एक आप्पा आहेत. थोडी केळी, थोडा कापूस, रब्बीला हरभरा. माझी-त्यांची ओळख विजेच्या लोडशेडिंगच्या बातमीतून झालेली. एक दिवस त्यांचा फोन आला, "भाऊ, एक गंमत दाखवायची आहे, सवडीनं या." गेलो. त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाला खोल नाला आहे. मातीची सरळ तुटलेली दरड, वीसेक फूट उंच. आप्पांनी मला समोरच्या काठावर बाभळीच्या आड बसवलं आणि बोट दाखवलं. दरडीच्या मध्यावर एक छोटीशी कपार, तिच्यात कापसाची तीन बोंडं ठेवावीत तशी तीन पिल्लं. मागे त्यांची आई. मातीचा रंग आणि तिचा रंग एकच. तिनं डोळे उघडले तेव्हाच मला ती दिसली.

घरटं म्हणावं असं काही नव्हतं. हे घुबड काड्या-बिड्या गोळा करत बसत नाही, मोकळ्या मातीवरच अंडी घालतं. मादी महिना-सव्वा महिना उबवते, नर शिकार आणून देतो. खाली दरडीच्या पायथ्याशी राखाडी गोळ्या पडल्या होत्या. आप्पांनी एक काडीनं फोडून दाखवली. आत उंदराची कवटी, बारीक दात, केस. घुबडाला जे पचत नाही ते असं गोळी होऊन बाहेर पडतं. आप्पा म्हणाले, "दोन वर्षं झाली, या अंगाला उंदराला औषध टाकलं नाही मी. हे दोघं नवरा-बायको बघतात सगळं."

मी खूश. अशी बातमी रोज मिळत नाही. पत्रकारितेची पदविका केली तेव्हा आमच्या सरांनी सहा प्रश्न घोटून घेतले होते. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. "कुठे" राहिलं की सर लाल पेनानं गोल करायचे आणि म्हणायचे, ही बातमी नाही, अफवा आहे. मी आज्ञाधारक विद्यार्थी. तीन कॉलम बातमी लिहिली, चार रंगांत फोटो. त्यात गावाचं नाव, नाल्याचं नाव, पुलापासूनचं अंतर, इतकंच काय, कोणत्या विहिरीजवळून पायवाट जाते तेही. वर आप्पांचं कौतुक. त्या दिवशी मला जितके फोन आले तितके पाणीटंचाईच्या मालिकेलाही आले नव्हते.

रविवारी आप्पांच्या बांधावर गाड्या लागल्या. मोठाल्या लेन्सा घेतलेले लोक. काही जण खरोखर जाणकार होते, लांब बसले, अर्ध्या तासात उठले. पण काहींना कपारीपुढे आलेली बाभळीची फांदी नडत होती. ती कोणीतरी तोडली. फांदी गेली तशी सावली गेली. दुपारचं ऊन सरळ पिल्लांवर. माणसांची वर्दळ बघून आई दिवसभर समोरच्या झाडावरून हलेना. संध्याकाळी गावातली पोरं आली, त्यांनी "उडतं का बघू" म्हणून ढेकळं मारली. एकानं तर रात्री जाऊन बॅटरी मारून व्हिडिओ काढला आणि तो मलाच पाठवला, "सर, बातमीला उपयोगी पडेल" म्हणून.

बातमी छापल्यापासून दहाव्या की अकराव्या दिवशी कपार रिकामी झाली. तिन्ही पिल्लं गायब. उन्हानं मेली आणि मुंगसानं नेली, कोल्हा चढला, की माणसाचा हात लागला, मला सांगता येणार नाही. चहाच्या टपरीवर दोन अनोळखी माणसं "शिंगवालं घुबड कुठे" म्हणून विचारत होती असं नंतर कळलं. खरं-खोटं टपरीवाला जाणे. वय बघता पिल्लांना उडून जाणं शक्यच नव्हतं, एवढं मात्र नक्की.

मी गेलो तेव्हा आप्पा कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होते. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. काम न थांबवता म्हणाले, "भाऊ, मी तुम्हाला दाखवलं होतं. गावाला नाही."

पिल्लं सापडली त्याची तीन कॉलम बातमी झाली. पिल्लं गेली त्याची एक ओळसुद्धा मी दिली नाही. संपादकांनी अडवलं असतं असं नाही, मीच पाठवली नाही. ते त्या मुलाच्या वहीत कसं चिकटणार?

"शिंगवालं घुबड" विचारत माणसं फिरतात यात नवल नाही. ट्रॅफिक या वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये भारतातल्या घुबडांच्या व्यापारावर अहवाल काढला होता. देशात घुबडांच्या सुमारे ३० जाती, त्यातल्या निम्म्या जाती व्यापारात सापडल्याचं त्यात आहे. करणी, भानामती, गुप्तधन असल्या कामांसाठी मोठ्या आणि शिंगांसारखी पिसं असलेल्या घुबडांना जास्त मागणी. दिवाळीच्या आसपास धोका जास्त. म्हणजे बघा, लक्ष्मीचं वाहन म्हणून नाव घ्यायचं आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचाच बळी द्यायचा. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा तर १९७२ पासून आहे. त्या कायद्यातली "शिकार" या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. पक्ष्याची अंडी किंवा घरटं विचलित करणं हेही त्यात येतं. फांदी तोडणारा माणूस शिकारी नव्हता, हौशी होता. कायद्याच्या भाषेत मात्र तो काय होता, आणि त्याला पत्ता पुरवणारा मी कोण होतो, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय.

त्यानंतर मी गप्प राहायचं ठरवलं. पक्षी, प्राणी, काही दिसलं की फक्त बघायचं. कुठे लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. मला वाटलं, झालं, हाच जबाबदारपणा.

चार वर्षांनी दुसऱ्या एका नाल्यात मला दुसरी जोडी दिसली. दोन हिवाळे मी तिथे जाऊन आलो, शब्दानं कुठे बोललो नाही. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात तिथे पोकलेन आलं. खोलीकरण आणि रुंदीकरणाचं काम. पाणी अडवायला माझा विरोध कसा असेल, टँकरच्या बातम्या लिहून आयुष्य गेलंय माझं. पण नाला सरळ करताना ती दरडच कापायची होती. मी साइटवर गेलो, तिथल्या साहेबांना सांगितलं, इथे घुबडांची जोडी आहे, शंभर फूट सोडून कापा. माणूस सभ्य होता. त्यानं विचारलं, "नोंद आहे का कुठे? वनविभागाचं पत्र, काही? मी काय दाखवू वर?"

माझ्याकडे काय होतं? मोबाईलमधले चार अंधूक फोटो. वहीत तारीख नाही, किती अंडी, किती पिल्लं, काही नाही. वनविभागाला कधी कळवलं नव्हतं. मी जपलेलं गुपित इतकं पक्कं होतं की सरकारदरबारी ती जोडी अस्तित्वातच नव्हती. दीड दिवसात दरड गेली. पिल्लं तोवर उडाली होती हे नशीब. ती जोडी मला पुन्हा त्या शिवारात दिसली नाही.

तर दोन वेळा चुकलो. एकदा सगळं सांगून, एकदा काहीच न सांगून. दोन्हींपैकी कोणती चूक मोठी असं विचाराल, तर पहिलीची लाज जास्त वाटते. पण दुसरीनं मला कामाला लावलं.

इथे जरा बाजूला जातो, पण गोष्ट आपल्याच मातीतली आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड सातपुड्याच्या रानात राहतं. आपला नेहमीचा पिंगळा वेगळा, तो घराच्या वळचणीलाही दिसतो. रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा. जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज सनदी अधिकारी खानदेशात होता, त्यानं त्या काळात इथून हे पक्षी गोळा केले होते. पुढे शंभर वर्षं पक्षी कुणाला मिळेना. फक्त एकच नंतरची नोंद होती, १९१४ ची, गुजरातमधल्या मांडवीजवळची. ती होती कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन या बड्या पक्षीतज्ज्ञाच्या नावावर. एवढा मोठा माणूस, कोण शंका घेणार? पुढे पामेला रासमुसेन यांनी त्याच्या संग्रहाची छाननी केली तेव्हा उघड झालं की तो पक्षी त्यानं पकडलेलाच नव्हता. डेव्हिडसनचाच जुना नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला नव्या जागेची आणि नव्या तारखेची चिठ्ठी बांधली होती. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी ती नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी आपल्या शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

डेव्हिडसननं पक्षी मारून गोळा केले, तो काळच तसा होता. पण त्यानं चिठ्ठीवर जागा आणि तारीख खरी लिहिली, म्हणून शंभरावर वर्षांनीही ती कामाला आली. आणि एका खोट्या चिठ्ठीनं शोध भलत्याच रानाकडे वळवला. आपल्या ग्रुपवर "तोरणमाळला दिसलेला" म्हणून भलत्याच राज्यातला फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. लाइक मिळतात, कबूल. पण पुढे कुणीतरी ते खरं धरून चालतं.

आता मी काय करतो ते सांगतो. मी पक्षीतज्ज्ञ नाही. चुकत असेन तर जाणकारांनी जरूर सांगावं.

एक दोनशे पानी वही केली आहे. जे दिसलं ते त्याच दिवशी लिहितो. तारीख, वेळ, किती होते, काय करत होते, मी किती लांब होतो, ऊन की ढगाळ. ओळख पटली नाही तर "ओळख पटली नाही" असंच लिहितो. सुरुवातीला यात कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही. जाऊन काही दिसलं नाही तर तेही लिहितो, "गेलो, नव्हतं." ऐकीव असेल तर कुणी सांगितलं ते लिहितो आणि पुढे "ऐकीव" म्हणून खूण करतो. नेमकी जागा वहीत असते, पूर्ण. ती वही मी कुणाच्या हातात देत नाही, बायकोलाही ती कपाटात कुठे आहे ते माहीत नाही (तिला त्यात रसही नाही, ती गोष्ट वेगळी).

वहीतलं मग ई-बर्डवर चढवतो. तुम्हाला वाटेल, एका तालुक्याच्या पत्रकाराच्या चार बगळ्यांना कोण विचारतो. पण २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो अशाच ३० हजारांवर लोकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला गेला. ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यातल्या २०४ घटलेल्या निघाल्या. हे कळलं ते शाळामास्तर, बँकेतले कारकून, शेतकरी, विद्यार्थी यांनी साळुंक्या-होले मोजले म्हणून. तेव्हा नोंद कराच. ज्या जातींना शिकारीचा किंवा गर्दीचा धोका आहे त्यातल्या काहींची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःच झाकून ठेवतं. आय-नॅचरलिस्टवर तर तुम्ही स्वतः जागा धूसर करू शकता. मग नकाशावर ती टाचणी वीसेक किलोमीटरच्या चौकोनात भलतीकडेच दिसते. पण सगळं यंत्रावर सोडू नका. आपल्या नाल्यात काय चालतं ते अमेरिकेतल्या संगणकाला कुठून कळणार? घुबडाचं, गिधाडाचं, कोल्ह्याच्या किंवा खोकडाच्या बिळाचं असेल तर मी पिल्लं मोठी होऊन निघून गेल्यावरच नोंद चढवतो. घरट्याचा आणि बिळाचा फोटो टाकतच नाही. बातमीत "तालुक्यात" एवढंच लिहितो.

मोबाईलचं एक बघा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश जाऊन बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात, पण "क्वालिटी जाऊ नये" म्हणून आपण डॉक्युमेंट करून पाठवतो तेव्हा पत्ता सोबत जातो. हे मला त्या बीएस्सीच्या पोरानंच शिकवलं, त्याच फोनवर. आणि फोटोत मागे टॉवर, मंदिराचा कळस, पुलाचा कठडा असला तर लिंकेची गरजच काय? आपल्या गावातला माणूस कठडा बघून जागा सांगतो.

आता कुणी म्हणेल, मग बिबट्या दिसला तरी गप्प बसायचं का? नाही. तिथे उलटं आहे. उसात किंवा केळीत बिबट्या असेल तर रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला ते कळलंच पाहिजे, आणि नेमकं कळलं पाहिजे. पण काय कळतं आपल्याला? गेल्या वर्षी आपल्याच ग्रुपवर आलेला तो व्हिडिओ आठवा, "आत्ता, बायपासला." शंभर-दीडशे पोरं काठ्या घेऊन बाहेर. तो व्हिडिओ जुना होता आणि आपल्या जिल्ह्यातला नव्हता, हे नंतर कळलं. तोवर झुडपात एक रानमांजर ठेचून मारलं गेलं होतं. सकाळी मी ते बघितलं. घरच्या बोक्यापेक्षा थोडंसंच मोठं. त्याचीही बातमी कुठे आली नाही, कारण काठ्या घेणाऱ्यांत आपल्या सगळ्यांचीच पोरं होती.

तेव्हा बिबट्याचं कानावर आलं की माझे प्रश्न ठरलेले. तुम्ही स्वतः बघितलं का? किती वाजता? ठसा आहे का? मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, कुत्रा, लांडगा, तरस यांची उमटतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, त्यावर पाटी झाका आणि १९२६ ला, म्हणजे वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना तोंडी सांगा. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हातात घेऊन सेल्फी नको. आई जवळच असते आणि रात्री न्यायला येते. वनविभागाचे लोक पिल्लं तिथेच ठेवून माय-लेकरांची भेट घडवतात, तेवढी जागा मोकळी सोडा.

आणि एक नोंदवही अशी आहे जी आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाखांचा दंड. मग काय, धावपळ. दरड गेल्यानंतर मी एका ग्रामपंचायतीत (नाव लिहीत नाही, बाकीच्यांचं फार वेगळं असेल असं समजू नका) ती वही बघायला मागितली. अर्धा तास किल्ली सापडेना. सापडली तेव्हा वही कोरीकरकरीत. पक्ष्यांच्या पानावर चिमणी, कावळा, पोपट, मोर, बगळा. आणि सहावं नाव, घुबड. पुढे "उपयोग" या रकान्यात लिहिलेलं, "काही नाही."

मी हसलो. मग त्या साहेबांचा प्रश्न आठवला. नोंद आहे का कुठे? नोंद होती. उपयोग काही नाही.

ज्या गावानं दोन वर्षं उंदराचं औषध वाचवलं त्या गावाच्या वहीत हे लिहिलेलं असावं, याला आप्पा काय म्हणतील मला माहीत होतं, म्हणून मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही. शेवटी सांगितलं. ते पुढच्या ग्रामसभेला गेले आणि घरकुलाचा विषय संपल्यावर उभे राहिले. म्हणाले, वहीत दुरुस्ती करायची आहे. लोक हसले. सरपंचबाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी वही मागवली. "काही नाही" वर रेघ मारून तिथे "उंदीर, घूस खातं. शेताला राखण" असं ग्रामसेवकानं लिहिलं. जागेच्या रकान्यात काय लिहायचं यावर मात्र पाचेक मिनिटं खल झाला. शेवटी "गावशिवार" एवढंच लिहिलं, आणि गट नंबर वेगळ्या कागदावर लिहून बंद पाकिटात वनपालाकडे द्यायचं ठरलं. ही युक्ती माझी नाही, आप्पांची. पुढच्या वेळी पोकलेन आलं तर त्या साहेबांना वर दाखवायला आता काहीतरी आहे. शंभर फूट सुटतील की नाही ते तेव्हाच कळेल.

तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती वही एकदा उघडून बघा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज वगैरे लागत नाही, गावाचीच वही आहे ती. समितीत कोण आहे ते विचारा. पुष्कळदा ज्यांची नावं समितीत आहेत त्यांनाच ते ठाऊक नसतं. पक्षी सप्ताहात शाळेनं प्रभातफेरी काढण्यापेक्षा मुलांना घेऊन त्या वहीची चार पानं भरली तर बरं होईल, हे मी दोन मुख्याध्यापकांना बोललोय. एक हो म्हणाले. दुसऱ्यांचा बॅनर आधीच छापून झालाय.

त्या बीएस्सीच्या मुलाला रविवारी मी घरी बोलावलं. माझी वही दाखवली, हात न लावता. त्याला २०१७ च्या बातमीचं पुढचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मग सर, ते कात्रण काढून टाकू का?" म्हटलं, नको, राहू दे. खाली तारीख घालून पुढचं तू लिही.

या पोस्टखाली कुणी नाल्याचं, गावाचं नाव लिहिलं तर मी ते काढून टाकणार आहे, राग मानू नका. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत आहे, तेही मला माहीत आहे.

परवा संध्याकाळी आप्पांचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी. इकडचं-तिकडचं झालं, केळीचा भाव, पाऊस. मग आवाज बारीक करून म्हणाले, "भाऊ, बसलंय परत. जोडी आहे."

माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "कुठे?"

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "पेपरात लिहायचं का वहीत?"

"वहीत, आप्पा."

"मग या सकाळी. एकटे या."